राष्ट्रीय अधिवेशनाला जाताना मार्शलांचे प्रश्न बरोबर न्या

तुमच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईच्या उपनगरातल्या एका छोट्या हौशी मोटरस्पोर्ट क्लबमध्ये तुम्ही मार्शलांची, म्हणजे स्पर्धेच्या वाटेवर उभं राहून सुरक्षा आणि वेळेच्या नोंदी बघणाऱ्या स्वयंसेवकांची, टीम सांभाळता. स्वतः स्पर्धेत उतरत नाही. टीममध्ये निम्म्याहून जास्त मुली आहेत आणि बहुतेकजण नोकरी करून रविवारी येणारे. यंदा क्लबने देशभरातल्या क्लबांच्या वार्षिक अधिवेशनाला, आणि त्याला जोडून होणाऱ्या अधिकाऱ्यांच्या शिबिराला, तुम्हाला पाठवायचं ठरवलंय. तीन-चार दिवसांची रजा, बराचसा खर्च पदरचा, आणि तिथे जमणारी मंडळी सगळी नाव कमावलेली. तर जाऊन करायचं काय, आणि आपल्यासारख्या क्लबला त्याचा उपयोग काय?

माझं उत्तर: जरूर जा, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. तुमच्या मार्शलांनी रस्त्यावर उभं राहून जे पाहिलंय ते कागदावर उतरवून बरोबर न्या. अधिवेशनाला जाणारे दहापैकी आठजण काहीतरी ऐकायला जातात. खरी गरज असते ती सांगायला जाणाऱ्यांची.

असं का म्हणतो ते सांगतो. आपल्याकडे या खेळाचा कारभार फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय, बघते. तिच्या वर चारचाकींसाठी एफआयए आणि दुचाकींसाठी एफआयएम या जागतिक संस्था. दोन्ही संस्था १९०४ सालच्या. नियम वरून खाली येतात. आधी आंतरराष्ट्रीय क्रीडा संहिता आणि तिची परिशिष्टं, मग फेडरेशनचे नियम, मग त्या त्या स्पर्धेची पुरवणी नियमावली, आणि सगळ्यात शेवटी पहाटे अंधारात गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून तुम्ही मार्शलांना देता ते ब्रीफिंग. वरून खाली येणारी ही वाट पक्की आहे, छापील आहे. खालून वर जाणारी वाट मात्र कुठेच छापलेली नाही. टाइम कंट्रोलच्या, म्हणजे गाडीच्या वेळेची नोंद होते त्या जागेच्या, टेबलावर पावसात काय घडतं, गावातून येणाऱ्या पायवाटेवर कोण उभं असतं, वॉकीटॉकी कुठल्या वळणानंतर बंद पडतो, हे नियम करणाऱ्यांना कळणार कसं? सीओसीचा (स्पर्धा चालवणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याचा) अहवाल जातो, स्टुअर्डचा (नियम आणि निषेधांवर निर्णय देणाऱ्याचा) अहवाल जातो, पण त्यात मार्शलच्या पोस्टवरची गोष्ट दोन ओळींत आटपते. ती पूर्ण सांगू शकेल असा माणूस त्या सभागृहात क्वचित असतो. तुम्ही तो असणार आहात.

मुंबईच्या माणसाने तिथे बोलणं आणखी एका कारणासाठी गरजेचं आहे. आपल्याकडे कार्टिंगचे ट्रॅक आहेत, पण गाड्यांच्या शर्यतीचं कायमचं सर्किट नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई आहे, कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, ग्रेटर नोएडात बुद्ध सर्किट आहे. साहजिकच चर्चा सर्किटकडे ओढली जाते: फ्लॅग, बॅरियर, पिटलेन. आपला अनुभव रस्त्यावरचा आहे, टीएसडी (ठरलेलं अंतर ठरलेल्या वेगाने ठरल्या वेळेत कापायची रॅली), वेगाची रॅली, ऑटोक्रॉस (मोकळ्या जागेत आखलेल्या वाटेवर वेळ मोजून होणारी स्पर्धा) यांतला. आणि तो काही कालचा नाही. चर्चगेटची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ सालची. महिलांची मुंबईहून आंबी व्हॅलीला जाणारी टीएसडी रॅली तिचीच. १९८० मध्ये सुरू झालेली हिमालयन रॅली उभी केली ती मुंबईच्या नझीर हुसेन यांनी. सर्किट नसतानाही या शहराने स्पर्धा भरवणारी माणसं दिली. तेव्हा "आम्ही काय, छोटा क्लब" असं म्हणून मागच्या रांगेत बसू नका.

आता तयारी. जायच्या दोन-तीन आठवडे आधी एका रविवारी टीमला चहाला बोलवा. "काही अडचणी आहेत का?" असं विचारलंत तर सगळे "नाही, सगळं मस्त" म्हणतील. त्याऐवजी विचारा, "गेल्या इव्हेंटमध्ये नेमकं कुठे तुम्हाला क्षणभर कळेना, आता काय करायचं?" मग बघा कशा गोष्टी बाहेर येतात.

एक नमुना देतो. रॅलीच्या टाइम कंट्रोलची मांडणी तुम्हाला पाठ आहे: आधी पिवळी पाटी, तिथून साधारण पंचवीस मीटरवर लाल पाटी आणि टेबल, आणि तेवढ्याच अंतरावर पुढे तीन काळ्या पट्ट्यांची फिकट पाटी, जिथे कंट्रोलचा पट्टा संपतो. गाडीने आपल्या ठरलेल्या मिनिटाला किंवा त्याच्या आधीच्या मिनिटाला आत यायचं आणि ठरलेल्या मिनिटाला नेव्हिगेटरने, म्हणजे चालकाशेजारी बसून वाट सांगणाऱ्याने, वेळा नोंदवायचं कार्ड हातात द्यायचं. कागदावर स्वच्छ आहे. पण मुरबाडच्या पुढे एखाद्या अरुंद घाटरस्त्यावर, पावसात, एका बाजूला गटार आणि दुसऱ्या बाजूला दरड असताना पंचवीस मीटर सरळ रस्ता मिळतोच कुठे? पिवळी पाटी वळणाच्या अलीकडे जाते, गाडी कधी आत शिरली ते टेबलावरच्या मुलीला दिसत नाही, आणि नेव्हिगेटर छत्री सांभाळत कार्ड पुढे करून म्हणतो, "आम्ही मघाशीच आलोय." लवकर आत आल्याचा दंड उशिरापेक्षा बराच जड असतो; रॅलीच्या आंतरराष्ट्रीय नियमात उशिराच्या प्रत्येक मिनिटाला दहा सेकंद, तर लवकरच्या प्रत्येक मिनिटाला पूर्ण एक मिनिट. म्हणजे त्या पोरीच्या एका नजरेवर निकाल फिरतो. तिने काय करायचं? पिवळ्या पाटीपाशी दुसरा मार्शल घड्याळासकट उभा करायचा का? त्याच्या नोंदीला किती वजन? असा प्रश्न नकाशाच्या रेखाटनासकट घेऊन गेलात, तर तो ऐकणाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं. "टाइम कंट्रोलबद्दल मार्गदर्शन हवं" असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघमच मिळेल.

दुसरा नमुना निकालाचा. तात्पुरता निकाल जाहीर झाल्यापासून निषेध नोंदवायला तीस मिनिटं असतात. पूर्वी कागद फलकावर लावायचा, त्यावर वेळ घालायची, सही करायची, संपलं. आता निकाल फोनवरही येतो. फलक, अ‍ॅप आणि क्लबचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, तिन्हीकडे वेळ वेगळी पडली तर तीस मिनिटं कुठून मोजायची? आपल्या पुरवणी नियमावलीत हे एका वाक्यात लिहिलेलं हवं, आणि ते वाक्य कसं असावं हे तिथे आलेल्या अनुभवी स्टुअर्डला विचारण्यासारखं दुसरं नाही.

असे पाच-सहा प्रश्न निवडा. जास्त नकोत. प्रत्येकाखाली ज्याने तो विचारला त्याचं नाव लिहा. त्याचा उपयोग पुढे आहे.

एका विषयावर मात्र प्रश्न कुणी विचारला नाही तरी तुम्ही विचाराच, आणि तो म्हणजे बंद केलेला रस्ता. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदाच्या फेरीत स्टेज, म्हणजे रहदारी बंद करून वेगाने गाड्या सोडायचा रस्त्याचा तुकडा, सुरू असताना एक मोटरसायकल आत आली. रॅलीच्या गाडीची धडक बसली आणि मोटरसायकलवरचे एकाच कुटुंबातले तिघे गेले. हे वाचून हळहळून पुढे जाण्यासारखं नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या रस्त्याचा नकाशा काढून बोट फिरवावं: या स्टेजला किती वाटा मिळतात? डांबरी किती, बैलगाडीच्या किती, आणि नकाशात नसलेल्या पण गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेल्या किती? शून्य क्रमांकाच्या गाड्या पुढे जाऊन रस्ता मोकळा असल्याची खात्री करतात, पण त्या गेल्यावर आणि पहिली स्पर्धक गाडी येण्याआधी जी काही मिनिटं असतात, त्यात शेतावरून घरी निघालेला माणूस दुचाकी काढतोच. त्याच्या दृष्टीने तो रस्ता त्याचा आहे, आणि खरं तर आहेच.

अधिवेशनात दक्षिणेकडचे लोक भेटतील, चिकमगळूरकडे कॉफीच्या मळ्यांत स्टेज भरवणारे. त्यांची व्यवस्था बघून कुणालाही हेवा वाटावा. पण त्यांचा आराखडा जसाच्या तसा उचलून आणू नका. मळ्याच्या खासगी रस्त्याला फाटक असतं, मालक एकच असतो, कामगारांना आदल्या दिवशी सांगता येतं. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा रस्ता, कडेने वनखात्याची जमीन, मध्येच वाडी. त्यांच्याकडून आराखडा घेण्यापेक्षा त्यांनी तो कसा तयार केला ते विचारा: वाटा कोण मोजतं, किती आधी, गावात कोण जातं, तिथे कुठल्या भाषेत बोलतात, दोरीला उभा असलेला माणूस आमचा की गावचा. माझं ठाम मत आहे की प्रत्येक वाटेवर गावातलाच एक माणूस, जॅकेट घालून, मानधन घेऊन, आपल्या मार्शलच्या जोडीला हवा. शहरातल्या मुलाने "थांबा" म्हटलं तर लोक वाद घालतात. सरपंचाच्या पुतण्याने म्हटलं तर थांबतात. हे तिथे सगळ्यांसमोर मांडा. कुणी विरोधात बोललं तर त्याचं म्हणणंही लिहून घ्या, कारण त्यातूनच आपल्या आराखड्यातली भोकं दिसतात.

परवानग्यांचंही तसंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय घेता येत नाही. टीएसडी वेगमर्यादेच्या आत असते म्हणून ती वेगळी, हे आपल्याला माहीत. पोलीस ठाण्यातल्या ड्युटीवरच्या साहेबांना ते समजावणं हे वेगळंच काम. पुण्या-नाशिककडच्या क्लबांचे लोक भेटले की त्यांच्या अर्जाची प्रत मागून घ्या. कोण कुठल्या क्रमाने गेलं, जिल्हाधिकारी आधी की पोलीस अधीक्षक, बांधकाम खात्याला कधी कळवलं. मराठीत लिहिलेला, एकदा मंजूर झालेला अर्ज हातात असणं म्हणजे पुढच्या वर्षीचे निम्मे हेलपाटे वाचणं.

आता प्रत्यक्ष तिथलं. कार्यक्रमपत्रिका आधी मिळाली तर हाताने करायच्या सत्रांवर खूण करा आणि ती कशासाठीही चुकवू नका. भाषणांची टिपणं दुसऱ्याकडून मिळतात. जखमी माणसाचं हेल्मेट काढायचा सराव टिपणांतून येत नाही. २०२३ साली चेन्नईजवळच्या ट्रॅकवर जानेवारीत एक ज्येष्ठ कार रेसर आणि ऑगस्टमध्ये तेरा वर्षांचा एक दुचाकी रेसर गेला. त्यानंतर तरी मार्शल म्हणवणाऱ्या प्रत्येकाने हे शिकायला हवं.

हेल्मेटचंच बघा. पहिला धडा असा की सहसा ते काढायचंच नाही, डॉक्टर येईपर्यंत डोकं आणि मान स्थिर धरायची. श्वासच अडतोय म्हणून काढावं लागलं तर दोन माणसं लागतात. एक डोक्याच्या बाजूला गुडघ्यावर बसून हेल्मेट दोन्ही हातांनी स्थिर धरतो. दुसरा पट्टा सोडवतो किंवा कापतो, मग एक हात जबड्याला आणि दुसरा मानेखालून डोक्याच्या मागच्या उंचवट्याला लावून सगळा भार आपल्याकडे घेतो, आणि तसं तोंडाने सांगतो. तेव्हाच पहिला हेल्मेटच्या कडा बाहेरच्या बाजूला ताणत ते हळूहळू ओढतो. नाकापाशी अडतं, तिथे किंचित मागे कलवावं लागतं. हेल्मेट निघताना डोक्याचं वजन एकदम खालच्या हातांवर येतं, आणि पहिल्यांदा करणाऱ्याचे हात हमखास खाली जातात. ते वजन एकदा हातांना कळलं की मग विसरत नाही. शिबिरात पुतळ्यावर किंवा जिवंत माणसावर हे करून बघायची संधी मिळाली तर दोन्ही बाजूंनी करा, आणि पडून राहायची पाळीही घ्या. खाली झोपलेल्याला काय वाटतं ते कळल्यावर हात आपोआप हलके होतात.

अग्निशामकाचं तसंच. सहा किलोचा पावडरचा सिलिंडर जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतो. मार्शलने तो आयुष्यात कधी दाबलेलाच नसेल तर त्यातले निम्मे सेकंद ज्वाळांच्या टोकावर मारण्यात जातात. मारायचं असतं बुडाशी. शिबिरात कोणी खरी आग लावून दाखवणार असेल तर पुढे होऊन हात वर करा. परत आल्यावर आपल्या मुलांकडूनही हे करून घ्या. मुदत संपत आलेले सिलिंडर भरायला देण्याआधी सरावासाठी वापरले तर वेगळा खर्चही येत नाही.

नियमांच्या सत्रात बदलाचं कलम क्रमांकासकट लिहा. "आता असं चालणार नाही म्हणे" या धाटणीची टिपणं परत आल्यावर भांडणं लावतात. आणि बदल का केला ते विचारायला संकोच करू नका. कारण कळलं की मार्शल नियम मनापासून पाळतो. रोडबुकमध्ये, म्हणजे चालक आणि नेव्हिगेटरला मिळणाऱ्या मार्गवहीत, एका बाजूला लाल एसओएस आणि दुसऱ्या बाजूला हिरवं ओके असलेलं पान असतं. गाडी थांबली की क्रूने त्यातलं योग्य ते मागच्या गाडीला दाखवायचं आणि गाडीच्या मागे किमान पन्नास मीटरवर लाल त्रिकोण ठेवायचा. हौशी स्पर्धक याकडे दुर्लक्ष करतात, कारण त्यांना ती कागदी औपचारिकता वाटते. ओके न दाखवलेल्या गाडीसाठी स्टेज थांबवून रुग्णवाहिका आत सोडावी लागते, आणि तेवढ्या वेळात खरी गरज दुसरीकडे निर्माण झाली तर रुग्णवाहिका अडकलेली असते, हे समजावून सांगितलं की तेच स्पर्धक पान सीटच्या बाजूला खोचून ठेवायला लागतात.

सत्रांच्या मधल्या वेळेबद्दल. आपण मुंबईकर तिथे गेलो की एकत्र जेवतो, एकत्र चहा घेतो आणि लोकल, पाऊस, ट्रॅफिक यांवर बोलून परत येतो. हे टाळा. क्लबमधून दोघंजण जात असाल तर जेवायला मुद्दाम वेगवेगळ्या टेबलांवर बसा. विजेत्यांच्या भोवती गर्दी असते, तिथे वेळ घालवू नका. टाइमिंगची यंत्रणा लावणारा, रेडिओचं जाळं बघणारा, स्पर्धेला येणारा डॉक्टर, आणि आपल्याएवढ्याच छोट्या क्लबचा सचिव, ही माणसं शोधा. रॅलीच्या संपर्कव्यवस्थेला हॅम रेडिओवाल्यांची, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणाऱ्यांची, मदत घेणं ही जुनी पद्धत आहे; माळशेजच्या धुक्यात मोबाइलची रेंज गेली की तिचं मोल कळतं. त्यांना विचारा, मधला रिले कुठल्या उंचीवर ठेवता, बॅटरी किती तास पुरते, निरोपांचा क्रम काय. कार्ड घेतलंत तर मागे लगेच लिहा की हा माणूस कशात जाणकार आहे. घरी येऊन वीस कार्डं समोर ठेवल्यावर चेहरे आठवत नाहीत. आणि महिन्याभरात त्यांच्यापैकी दोघा-तिघांना एखाद्या छोट्या कामासाठी फोन करा. अडचणीच्या रात्री करायचा फोन हा पहिला फोन नसावा.

भाषेचं दडपण घेऊ नका. तमिळ, कन्नड, मल्याळम बोलणारी मंडळी असतात, व्यवहार इंग्रजीत आणि हिंदीत चालतो, आणि कोणाचंच इंग्रजी कोणी तपासत नाही. तुमचा प्रश्न नेमका असेल तर तुटक भाषेतही तो पोचतो.

मुलींच्या बाबतीत तुम्ही जे लिहिलंय ते तर जाहीरपणे मांडाच. लांबच्या पोस्टवर सकाळी सहा ते दुपारी तीन उभ्या राहणाऱ्या मुलीला स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून ती पाणी पीत नाही, आणि मे महिन्यात चक्कर येऊन पडते. हा सुरक्षेचा प्रश्न आहे आणि तो आराखड्यात असायला हवा: पोस्टपासून जवळच्या शाळेची किंवा पंचायतीच्या इमारतीची किल्ली कोणाकडे आहे, मधल्या वेळेत बदली कोण देणार, अंधार पडल्यावर परत आणणारी गाडी कोणाची. एका पोस्टवर एकटी मुलगी ठेवायची नाही, किंबहुना एकटं कोणालाच ठेवायचं नाही, हे लेखी हवं. अशा गोष्टी "तुम्ही आपापसात बघा" म्हणून क्लबवर ढकलल्या जातात, म्हणून त्या सगळ्यांसमोर बोलल्या जाण्याची गरज आहे. विम्याचं त्याच दमात विचारा. स्पर्धेच्या विम्यात मार्शल येतात का, लायसन्स नसलेला गावचा मदतनीस येतो का, आणि पहाटे घरून पोस्टवर जातानाचा प्रवास धरलेला असतो का? हे पॉलिसीच्या शब्दांवर ठरतं. इतर क्लब काय शब्द घालून घेतात ते बघा.

अधिवेशनात निवडणूक, मतदान, गट हेही असतं. क्लबच्या वतीने मत द्यायचं असेल तर ते समितीने आधी ठरवून लेखी दिलेलं असू द्या. जेवताना कोणी "तुमचा क्लब आमच्या बाजूने ना?" म्हणालं तर "समितीला विचारून कळवते" एवढं पुरे. यावर मी जास्त शब्द खर्च करत नाही.

पुरस्कारांच्या संध्याकाळी मात्र थांबा, गाडी चुकेल म्हणून निघू नका. स्पर्धकांच्या बरोबरीने अधिकारी आणि मार्शल यांचा सन्मान व्हावा यासाठी नावं सुचवण्याची पद्धत काय आहे ते तिथेच विचारून घ्या. अमेरिकेतला स्पोर्ट्स कार क्लब, १९४४ मध्ये स्थापन झालेला आणि शंभरावर प्रादेशिक शाखांचा, आपला सर्वोच्च सन्मान, वुल्फ बर्नाटो पुरस्कार, क्लबसाठी दीर्घकाळ झटलेल्या सभासदाला देतो. त्यांच्या राष्ट्रीय अधिवेशनाचा मोठा भागही शाखा चालवणाऱ्या स्वयंसेवकांसाठी असतो: नवे सभासद कसे टिकवायचे, सुरक्षा कशी बघायची, हिशेब कसे ठेवायचे. आपल्याकडेही हे व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. ऊन-पावसात वर्षानुवर्षं झेंडा धरून उभा राहणारा माणूस व्यासपीठावर दिसला, तर पुढच्या मोसमात झेंडा धरायला चार नवी मुलं येतात.

पैशांबद्दल स्पष्ट बोला. क्लबने पाठवायचं ठरवलंय तर निदान रेल्वेचं भाडं आणि नोंदणी शुल्क क्लबने द्यावं, असा ठराव समितीच्या इतिवृत्तात घ्या. अधिवेशन चेन्नईला असेल तर रेल्वेने जायला जवळपास एक दिवस जातो, म्हणजे ते दोन दिवसांचं असलं तरी रजा चारची होते. विमानाचा फरक ज्याला परवडतो त्याने तो स्वतः घालावा. पदरमोड करणाराच जाऊ शकतो असा पायंडा पडला की दर वर्षी तेच दोन-तीन सधन सभासद जातात, आणि ज्याला खरंच शिकायचंय तो डोंबिवलीचा मुलगा कधीच जात नाही.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यातच लिहायला बसा, कारण ऑफिसच्या गराड्यात एकदा शिरलात की टिपणांची वही उघडत नाही. समितीसाठी दोन पानं पुरेत: कुठले नियम बदलले, आपल्या पुढच्या स्पर्धेत त्यामुळे काय बदलावं लागेल, त्याला किती खर्च. मार्शलांसाठी वेगळं एक पान, मराठीत. आपण अजूनही ब्रीफिंगचे कागद इंग्रजीत छापतो, आणि मग पोस्टवर उभ्या असलेल्या गावच्या मदतनिसाला ते दुसऱ्या कोणाकडून तरी समजून घ्यावे लागतात. "गाडी थांबली आणि ओके दाखवलं नाही, तर ताबडतोब रेडिओवर कळवा. स्वतः स्टेजवर धावू नका." एवढं सरळ हवं.

मग टीमला पुन्हा एकदा बोलवा आणि ज्या ज्या नावाने प्रश्न नेला होता त्याला त्याचं उत्तर सगळ्यांसमोर द्या. ज्याचं उत्तर मिळालं नाही तेही सांगा, कोणाला विचारलं आणि तो काय म्हणाला यासकट. हेल्मेटचा सराव त्याच दिवशी घ्या, दोन-दोनच्या जोड्या करून. आपला प्रश्न एवढ्या लांब गेला आणि त्यावर कोणीतरी विचार केला, हे कळलं की तो मार्शल पुढच्या वेळी पोस्टवर वही घेऊन उभा राहतो. पुढच्या वर्षीचे प्रश्न तिथूनच येतात. आणि पुढच्या वर्षी शक्य झालं तर अशाच एका मार्शलला तुमच्याबरोबर न्या, त्यानंतरच्या वर्षी त्याला एकट्याला पाठवा. त्याचं नाव समितीला आत्ताच कळवून ठेवलंत तर खर्चाची तरतूद करायला त्यांना वर्षभर मिळेल.